नाव घातलेलं ताट

मळा, २५ डिसेंबर

दीपे,

आईचा आशीर्वाद घे. नको असला तरी घे, तो काय परत पाठवाय येत न्हाई.

पोरगी पोचली. लय गोड हाय गं. सकाळपासनं मी तीनदा फाटक झाडलं. तुझी भावजय प्रांजल हसाय लागली, म्हणली, आत्ती, झाडून झाडून फाटक झिजंल. तुझ्या भावानं, आर्जवनं गाडी लावली आणि पोरगी उतरायच्या आधीच मी तिथं उभी. प्रांजलच्या फोनवर फोटो बघितलेले, पण फोटोला वास नसतो. हिच्या केसाला ऊन लागलं की तुझ्यासारखाच वास येतोय. मी हुंगत बसले तर म्हणती, आज्जी, मी काय फूल हाय काय. तोंड तुझंच हाय, जिभेसकट.

आर्जव म्हणाला, तू सांगलीच्या स्टँडवर सृष्टीला त्याच्या हातात दिलीस आणि लगेच सातारची गाडी धरलीस. च्या पण घेतला न्हाईस म्हणं. स्टँडपासनं मळा किती लांब हाय ते तुला मी सांगाय नको. बरं केलंस. तुझ्या आप्पांनी आधीच सांगितलं होतं, पोरगीला आणा, तिला न्हाई. नऊ वर्षांत एवढं तरी बोलले, मी त्यातच हरखले. तरी गाडीचं दुसरं दार उघडतंय का ते मी बघत होते. असू दे. आनंदाच्या दिवशी हे कशाला.

तुझ्या सासूबाईंचा खुबा कसा हाय? दवाखान्यात रात्रीचं कोण बसतंय, तूच ना? बनुबाईंना दुधात हळद घालून दे. मी कवा त्यांना बघितलं न्हाई, पण माझ्या लेकीला त्यांनी घरात घेतलं, जेवाय घातलं, एवढं मला पुरं. सयाजीरावांना सुट्टी मिळाली न्हाई ते कळलं. सरहद्दीवर कुणाच्या आईचा खुबा कोण बघतंय. पण बनुबाईंचा खुबा मोडला म्हणून पोरगी माझ्याकडं आली. बोलू नये, पण मी त्या खुब्याला हात जोडले.

आता पोरगीचं खाणं सांगते. हिवाळ्याचा दिवस कसा आखूड, तुला ठाऊक हाय. सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकायची म्हंजे दुपारची भांडी घासतोय तवर संध्याकाळची चूल. तुझी शाळा सुटायची आणि तू दप्तर टाकून ताटावर बसायचीस, तसं. सृष्टी म्हणती, पाच वाजता कोण जेवतं? पण जेवली. ज्वारीची भाकरी, घट्ट दही, पावट्याची उसळ. परसातल्या केळीचं पान कापलं तिच्यासाठी. लग्नाला आल्यागत वाटतंय म्हणली. आमी चौघं ताटात आणि ती पानावर, मधोमध, नवरीगत.

फोनवर बोलायचं तर आप्पांचा कान दाराला असतो, आणि त्या फोनच्या काचेवर माझं बोट चालत न्हाई. म्हणून लिहितीया. दुसरीपातर शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हसू नकोस. टपालात प्रांजल टाकंल.

तुझी आई,
गुणमाला


मळा, २९ डिसेंबर

दीपे,

तुझा निरोप प्रांजलनं वाचून दाखवला. पोरगी रडत न्हाई, तुझी आठवण काढती का विचारतीस, तर काढती. झोपताना काढती. दिवसा तिला सवड नसती.

आप्पांनी तिला पार ताब्यात घेतलंय. सकाळी अंघोळ झाली की बोट धरून बस्तीत देवदर्शनाला. तिथनं उसाच्या फडात. आपल्या उसाला तोड आलीया, टोळीवाल्यांची पोरं हिच्या वयाची, त्यांच्यात खेळती. येताना हातात ऊस, आप्पा स्वतः सोलून देत्यात. काल हुरडा भाजला. तिच्या तळहातावर गरम हुरडा चोळून दिला आणि फुंकर मारली, तर सगळं तूस आप्पांच्या मिशीत. आप्पा हसले. वरचे दात किती गेलेत ते मला काल कळलं. एवढं तोंड उघडून हा माणूस माझ्यासमोर कवा हसलाच नव्हता. णमोकार मंत्र दोन दिवसांत पाठ केला पोरगीनं. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणून दाखवाय लावत्यात.

तर रविवारची गोष्ट. दुपारी सगळे जेवाय बसलो. पोरगी म्हणली, आज रविवार, चिकन न्हाई? आमची बनुआज्जी दर रविवारी करती. आर्जवचा घास हातातच राहिला. प्रांजल पाणी आणाय म्हणून आत पळाली, हसू दाबत. आप्पा चिडले न्हाईत. म्हणाले, बाळ, त्याचं ह्या घरात नाव काढायचं न्हाई. आणि जेवण झाल्यावर परत अंघोळ केली. नुसतं नाव ऐकल्याची अंघोळ असती हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. थंडीचं पाणी, वरनं म्हातारं शरीर. दोन दिवस शिंकत्यात. शिंकू देत.

केळीची पानं संपत आली. तुझ्यापासनं काय लपवायचं, मजा म्हणून पान कापत न्हाई मी. मटण खाणाऱ्या घरची म्हणून तिला घरातलं ताट द्यायचं न्हाई, हा आप्पांचा हुकूम. पान कसं, जेवलं की गाईला टाकलं. पोरगीला मी सांगितलं, पानावर जेवलं की पुण्य लागतं. तर म्हणती, मग तुमी का जेवत न्हाई, तुमाला पुण्य नको?

धर्म मी पण पाळते. पाणी गाळल्याबिगर पीत न्हाई, सूर्य बुडला की दाणा तोंडात घालत न्हाई, कांदा कसा लागतो ते मला ठाऊक न्हाई. बस्तीतल्या उपाध्यांच्या लेकीनं पण तुझ्यागत जैनांबाहेर लगीन केलं. दिवाळीला ती येती, लेकरं येतात, बापाच्या शेजारी घरच्या ताटात जेवत्यात. उपाध्यांचा धर्म बुडाला न्हाई. आमचाच तेवढा केळीच्या पानावर तरंगतोय.

पण ऐक, चांगली गोष्ट झाली. परवा पोरगीनं आप्पांनाच विचारलं, आजोबा, मला ताट कवा? आप्पांनी तिच्या पानाकडं बघितलं. मग म्हणाले, आणू तुझं ताट. नाव घालून आणू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं दीपे. घरात ताटावर नाव पडलं की माणूस घरातलं झालं.

बनुबाईंना उठून बसवाय लागलेत का? उशी पायांमधी ठेवाय सांग.

आनंदात असलेली,
आई


मळा, ३ जानेवारी

दीपे,

ताट आलं. पोरगी झोपताना पण उशाला घेऊन झोपली. सकाळी चमच्यानं वाजवत सगळा मळा फिरली, म्हशी बिथरल्या. लखलखीत हाय, तोंड बघावं त्यात. तिनं मला नाव वाचून दाखवलं, बोट ठेवून, सृष्टी. पुढचं काय वाचेना, म्हणली बारीक हाय. मला तर चष्म्याबिगर नुसती मुंग्यांची रांग दिसती. चष्म्याची दांडी मोडलीया, आर्जव दिवाळीपासनं आज करतो उद्या करतो म्हणतोय.

ताट आत ठेवायचं न्हाई. परसात न्हाणीच्या भिंतीला फळी ठोकलीया, तिथं ठेवायचं, वेगळ्या काथ्यानं घासायचं. पण ताट हाय. पान न्हाई. हळूहळू आत येईल. मी म्हणते, माणसं पण अशीच हळूहळू आत येतात.

तिची शाळा सुरू झाली हे मला ठाऊक हाय. तू फोन केलास तवा आर्जव म्हणाला, पोरगीला खोकला हाय, संक्रातीपातर राहू दे. तसंच हाय. थोडा हाय खोकला. तुळशीचा काढा देतीया. तू काळजी करू नकोस, तुला तिकडं सासूचं करायचं, घर करायचं, डबा करायचा. एक जीव कमी सांभाळाय लागतोय असं समज.

आप्पा म्हणाले, गावातली शाळा लय सुधारलीया. मास्तर ओळखीचे हायत. तू वाचशील आणि चिडशील म्हणून लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. खोटं कशाला बोलू, मला आतनं बरं वाटलं. मी तिच्या वेण्या घालतीया रोज. तिचं दूध, तिचं पाणी, तिची सांडलेली भाकरी. प्रांजलला अजून लेकरू न्हाई, हे घर लय दिवस नुसतं भांड्यांचा आवाज ऐकतंय. सकाळी उठलं की एक कोवळा आवाज आज्जी म्हणतोय. असा आवाज घरात असला की म्हाताऱ्या बाईला शहाणपण सुचत न्हाई.

तुझी
आई


मळा, ९ जानेवारी

दीपाली,

पोरगीला खोकला न्हाई. कवाच नव्हता.

तू आता हे बसून वाच. दवाखान्यात असलीस तर बाहेरच्या बाकड्यावर बस.

काल मी परसात पोरगीचं ताट घासत होते. काठावरनं अंगठा फिरला आणि एका जागी खोलगट लागलं. परत फिरवला. परत लागलं. तुला आठवतंय का, मक्यात वानरं शिरली होती आणि तू तुझं ताट दगडानं बडवत सगळं शिवार जागं केलं होतंस? काठ चेपला म्हणून माझ्या हातचे दोन फटके खाल्लेस. वर म्हणलीस, मका वाचला की, ताटाचं काय घेऊन बसलीस. त्या चेपलेल्या जागेवर मी तू जायच्या आधी आणि गेल्यानंतर एवढ्यांदा अंगठा फिरवलाय, की झोपेत पण वळखीन.

तू गेल्यावर आप्पांनी सांगितलं होतं, तिचं काय असंल ते विकून टाका. मी ते ताट जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. दर दिवाळीला काढायचं, पुसायचं, ठेवायचं. मी शिडी लावून वर गेले. लुगडं होतं. नीट घडी घालून ठेवलं होतं. आत काय नव्हतं.

प्रांजलचा चष्मा डोळ्याला लावला. तिचा नंबर वेगळा, सगळं पाण्यातनं दिसल्यागत. तरी एक एक अक्षर लावलं. सृष्टी रामगोंडा मगदूम.

रामगोंडा. बापाच्या जागी तिच्या आजोबाचं नाव. सयाजीराव तिकडं बर्फात उभे हायत, जिवंत, आणि हिकडं त्यांच्या लेकीच्या ताटावरनं त्यांना काढून टाकलं. तुझं तर जागेसकट काढलं.

आर्जव कामावरनं आला तवा मी ताट त्याच्यासमोर धरलं. तो बूट काढत राहिला, एकच बूट, लय वेळ. मग म्हणाला, आई, आप्पांनी सांगितलं म्हणून. कुपवाडला आमच्या शॉपमधी बफ हाय, घासून चकाकी आणायचं चाक, त्यावर धरलं. दोन मिंटात जुनं नाव गेलं. म्हणून लखलखीत होतं ते. तुझं नाव घालताना मी सांगलीला भांडीवाल्याच्या दुकानात समोर उभी राहिले होते, तो मशीन टकटक करत होता आणि मी सांगत होते, वेलांटी मोठी घाला, पोरगी मोठी होणार हाय. भावानं दोन मिंटात काढलं.

मग मी पोरगीला जवळ घेतलं आणि विचारलं, बाळ, तुझं पूर्ण नाव काय. म्हणली, हितलं का घरचं? मी म्हणलं दोन्ही सांग. तिनं दोन्ही सांगितली. घरचं सृष्टी सयाजी माने, हितलं ताटावरचं. आजोबांनी शिकवलंय, बस्तीत कुणी विचारलं तर हितलं सांगायचं. मी विचारलं, आणि आईचं नाव विचारलं तर?

म्हणली, “मग गप बसायचं. मी बसते गं आज्जी, मला येतं.”

मला येतं म्हणली. पाठ झाल्यागत. मंत्रासारखं.

आप्पांना मी संध्याकाळी गाठलं, दिवस बुडायच्या आधी, जेवण वाढता वाढता. आवाज चढवला न्हाई. ते पण चढवत न्हाईत, तुला ठाऊक हाय, त्यांचं सगळं हळू असतं. म्हणाले, संक्रातीनंतर हितल्या शाळेत घालू, तिच्या आईला काय सांगायचं ते आर्जव सांगंल. पोरगी गुणाची हाय, दोन वर्षांत सगळं विसरंल. मी विचारलं, सगळं म्हंजे काय? म्हणाले, तिकडचं. म्हणाले, पोरगी आपली हाय, तिच्या आईचा हितं संबंध न्हाई.

मी म्हणलं, “तिची आई माझ्या पोटची हाय.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला, आणि म्हणाले, “पोट तुझं. घर माझं.”

आणि जेवले. सगळं जेवले, ताट धुऊन पाणी प्याले, रोजच्यागत. दाणा वाया घालवत न्हाईत कवा.

मी आठवडाभर काय सपान बघत होते ते तुला मागच्या पत्रात लिहिलंय. ते फाडू नकोस. ठेव. मला वाटलं होतं पोरगी राहिली की तिच्या मागनं तू पण येशील, आज फाटकापातर, उद्या ओसरीवर. आप्पांनी दुसरंच ठरवलं होतं. पोरगीला आत घ्यायचं ते तुला कायमचं बाहेर ठेवाय. आणि ती आत येताना तुझ्यावर पाय देऊन येणार, हसत हसत, हातात ऊस घेऊन. तिला कळणार पण न्हाई.

भोगीच्या दिवशी सकाळी सांगलीच्या स्टँडवर ये. आर्जवला फोन करू नकोस. प्रांजलला सगळं ठाऊक हाय. आप्पा बस्तीत असतात तवा ती आमाला स्कूटीवरनं सोडंल.

आई


मळा, १३ जानेवारी, भोगी

दीपे,

हे पत्र पोरगीच्या पिशवीत घालतीया. तू वाचशील तवा आपली स्टँडवर भेट झालेली असंल. तिथं मी बोलणार न्हाई. तोंड उघडलं तर मी तुझ्या गाडीत चढंन, आणि मग हिकडं आप्पांना जाब विचाराय कुणी उरणार न्हाई, त्यांना बरंच होईल. म्हणून तू पण काय विचारू नकोस. पोरगीला घे, गाडीत बस.

पिशवीत भाकरी हायत, बाजरीच्या, तीळ लावून. भोगीची भाजी डब्यात, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, वांगं, बोरं. गाजर न्हाई, आपल्यात कंद घालत न्हाईत. लोणी वरच्या वाटीत. बनुबाईंना एक भाकरी दे, म्हणावं, विहिणीनं पाठवलीया, सूर्य उगवल्यावर थापलीया, आणि त्यात काय दोष न्हाई. भोगीला लेकीला माहेरी बोलवायची रीत. मी माझ्या लेकीला स्टँडवर बोलवलंय.

पिशवीच्या तळाला एक ताट हाय. ते पोरगीचं न्हाई, माझं हाय. माझ्या लग्नात माझ्या वडलांनी दिलेलं, गुणमाला नाव घातलेलं. गेले चार दिवस पोरगी त्यात जेवती, आत, चुलीपाशी, सगळ्यांच्या ओळीत. आप्पांनी बघितलं. माझ्या ताटाला हात लावायची त्यांची छाती झाली न्हाई. ते आता तिचं. तिला सांग, त्यावर आज्जीचं नाव हाय आणि आज्जीचं नाव कुणी विचारलं तर मोठ्यानं सांगायचं.

आणि तिचं ते लखलखीत ताट मी घेतलं. चार दिवस मी त्यात जेवतीया. परसात, न्हाणीपाशी, पाटावर बसून. जेवले की वेगळ्या काथ्यानं घासते आणि फळीवर ठेवते. पयल्या दिवशी आप्पांना वाटलं मी रुसलीया. दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, हे काय चालवलंयस. मी म्हणलं, ह्या ताटाची माणसं बाहेर जेवत्यात, तुमीच ठरवलंय. ते आत गेले. त्या दिवशी पयल्यांदा भाकरी उरली त्यांच्या ताटात. मला वाटलं, आता म्हणतील, आत ये. ते म्हणाले न्हाईत. आर्जव पण म्हणाला न्हाई. दारातनं बघतो आणि फटफटीला किक मारतो. प्रांजल तेवढी भाजी वाढाय बाहेर येती, आणि वाढून झालं तरी उभी राहती.

मी काय मोठं केलं असं समजू नकोस. थंडीत गुडघे धरतात. कोंबड्या ताटात तोंड घालत्यात. काल पोरगी आतनं उठून आली, तिचं ताट घेऊन, माझ्या शेजारी बसली. म्हणली, हितं मस्त ऊन हाय आज्जी, आजोबांना पण बोलवू काय? मी म्हणलं, बोलव. ती गेली. परत आली ती एकटीच.

तिच्या वेण्या आज घट्ट घातल्यात, साताऱ्यापातर सुटायच्या न्हाईत. ती लय खूष हाय. आई भेटणार म्हणून नाचतीया. मला म्हणती, तू पण चल, बनुआज्जीला सोबत होईल, दोघी म्हाताऱ्या गप्पा मारा. लय हसले मी.

आता एकच ऐक. हिला परत एकटी पाठवू नकोस. मी रडून निरोप धाडला तरी, आप्पा आजारी हायत म्हणून आर्जवचा फोन आला तरी, मी मेले म्हणून आला तरी. येशील तर दोघी या, दिवसाउजेडी, पुढच्या दारानं, आणि घरच्या ताटात जेवा. न्हाईतर येऊ नका. मला हे लिहिताना काय होतंय ते मी लिहीत न्हाई. फाटक आता प्रांजल झाडंल.

तवर मी परसात जेवतीया. संक्रातीपासनं दिवस तिळातिळानं वाढतो म्हणत्यात. बाहेर बसून जेवाय तेवढाच उजेड जास्त.

आई